तीन मुलं गेली… आणि एक विद्यापीठ उभं राहिलं

बाप स्वतः डॉक्टर असावा आणि त्याच्या डोळ्यांदेखत घरातली मुलं एकामागून एक जावीत, याहून मोठं दुर्दैव ते कोणतं? १८६४ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांच्या वाट्याला नेमकं तेच आलं. मेंदूज्वराची साथ आली होती. त्यांनी भरवशाचे डॉक्टर बोलावले. धर्मोपदेशक आले, प्रार्थना झाल्या. तरीही तीन मुलं गेली. पहिली पत्नी पाच वर्षांपूर्वीच देवाघरी गेली होती. स्टिल तेव्हा अवघ्या पस्तिशीत होते.

दुसरा कुणी नशिबाला बोल लावून गप्प बसला असता. स्टिल यांच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न घर करून बसला. आपण ज्याला औषध म्हणतो, ते खरंच औषध आहे का?

प्रश्न वेडेपणाचा नव्हता. त्या काळी डॉक्टरांच्या पेटीत काय असायचं? पाऱ्याचं कॅलोमेल, अफू आणि दारू! रोगजंतूंचं शास्त्र अजून रुजायचं होतं. कितीतरी रोगी रोगापेक्षा उपचारानंच खचत.

पुढची दहा वर्षं स्टिल हाडं, स्नायू आणि रक्तवाहिन्या यांच्यामागे लागले. त्यासाठी त्यांनी मूळ अमेरिकन लोकांच्या कबरीसुद्धा उकरल्या. आत्मचरित्रात त्यांनी ते स्वतःच लिहून ठेवलं आहे आणि आज ते वाचताना मन नक्कीच कचरतं. या ध्यासातून त्यांचा एक विचार पक्का झाला. शरीर हे एकसंध यंत्र आहे, बरं होण्याची ताकद त्याच्यातच असते आणि रक्ताभिसरणातले अडथळे दूर करणं हे वैद्याचं काम आहे. २२ जून १८७४ हा या विचाराचा जन्मदिवस म्हणून त्यांनीच नोंदवला. पुढे त्याला त्यांनी नाव दिलं, ‘ऑस्टिओपॅथी’.

पण ऐकणार कोण? बाल्डविनच्या ज्या विद्यापीठाच्या उभारणीला स्टिल कुटुंबानं हातभार लावला होता, तिथेच त्यांना आपलं म्हणणं मांडू दिलं नाही. अखेर १८७५ साली ते मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या छोट्याशा गावी आले. गावोगाव हिंडून ते लोकांचे सांधे, पाठी, माना बसवू लागले. आपल्याकडच्या हाडवैद्यासारखेच म्हणा ना! स्वतःची जाहिरातही त्यांनी ‘विजेच्या वेगाचा हाडवैद्य’ अशी केली होती. हळूहळू गुण येऊ लागला, नाव झालं आणि रोग्यांनी भरलेल्या आगगाड्या कर्क्सव्हिलला थांबू लागल्या.

१८९२ साली दोन खोल्यांच्या लाकडी घरात त्यांची शाळा सुरू झाली. पहिल्या वर्गात २१ विद्यार्थी होते आणि त्यांत पाच स्त्रिया! एडिंबरोत शिकलेले डॉ. विल्यम स्मिथ शरीररचना शिकवायला लाभले. सरकारी सनदेनुसार शाळेला नेहमीची ‘एम.डी.’ पदवी देता आली असती. पण स्टिल हटून बसले. आमची वाट वेगळी, तर पदवीही वेगळी. तेव्हापासून ‘डी.ओ.’ ही अक्षरं आली.

स्टिल यांचं सगळंच खरं ठरलं का? नाही. बहुतेक रोगांचं मूळ हाडांच्या बिघाडात असतं, ही त्यांची समजूत विज्ञानापुढे टिकली नाही. औषधांबद्दलचा त्यांचा टोकाचा रागही पुढे सोडावा लागला. १९१० साली फ्लेक्सनर यांच्या अहवालानं वैद्यकीय शाळांची झडती घेतली, तेव्हा ऑस्टिओपॅथीच्या शाळांवरही कडक ताशेरे ओढले गेले. पण चुका दाखवल्यावर दार लावून घेणारी ती संस्था नव्हती. प्रयोगशाळा, शस्त्रक्रिया, औषधशास्त्र हे सगळं अभ्यासक्रमात आलं. हातांनी करायचे उपचार मात्र सुटले नाहीत. कंबरदुखीसारख्या तक्रारींत त्यांचा उपयोग आजही मानला जातो.

मानाची लढाई मात्र लांबली. १९१७ साली स्टिल वारले, तेव्हा ती अर्धीही झाली नव्हती. १९६२ साली कॅलिफोर्नियात तर ६५ डॉलर भरून ‘डी.ओ.’ची ‘एम.डी.’ करून घ्यायची सोय निघाली आणि हजारो जणांनी ती घेतलीही. पंथ बुडणार, असंच वाटत होतं. पण १९६६ साली अमेरिकी सैन्यानं या डॉक्टरांना दार उघडलं आणि १९७३ साली मिसिसिपी या शेवटच्या राज्यानंही पूर्ण परवाना दिला. २०२० पासून दोन्ही पदव्यांच्या डॉक्टरांचं रुग्णालयातलं पुढचं प्रशिक्षण एकाच व्यवस्थेखाली चालतं.

म्हणूनच अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना तिथल्या डॉक्टरच्या नावापुढे ‘डी.ओ.’ दिसलं, तर दचकायचं कारण नाही. तो औषध लिहून देणारा, शस्त्रक्रियाही करू शकणारा पूर्ण डॉक्टर असतो. इतर अनेक देशांत मात्र ‘ऑस्टिओपॅथ’ म्हणजे फक्त हातांनी उपचार करणारा. हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

कर्क्सव्हिलच्या शाळेचं आज ‘ए. टी. स्टिल विद्यापीठ’ झालं आहे. ॲरिझोनातल्या मेसा गावीही तिचा विस्तार झाला. २००३ साली तिथे दंतवैद्यकाची शाळा निघाली, २००७ साली ऑस्टिओपॅथीची. या दुसऱ्या शाळेतल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षापासूनच गरीब वस्त्यांतल्या आरोग्यकेंद्रांत पाठवतात. जिथे डॉक्टर पोचत नाही, तिथे पोचायचं आणि नुसता रोग न बघता शरीर, मन आणि आत्मा असलेला अख्खा माणूस बघायचा, हे विद्यापीठाचं ब्रीद!

ती दोन खोल्यांची पहिली शाळा कर्क्सव्हिलच्या संग्रहालयात अजून जपून ठेवली आहे. शेजारी स्टिल ज्या ओंडक्यांच्या झोपडीत जन्मले, तीही आहे. आज शिकणारी मुलं त्यांचे सगळे सिद्धान्त मानत नाहीत, मानूही नयेत. पण पोरं गमावलेल्या त्या बापानं विचारलेला प्रश्न प्रत्येक डॉक्टरनं औषध लिहिताना एकदा स्वतःला विचारावा. आपण देतोय ते या माणसाच्या खरंच उपयोगाचं आहे ना?