रोजा लागत नाही, तंबाखू लागते

रमजानमध्ये आमच्या ताडकळसला एक वाक्य रोज कानावर पडतं. "उसकू मत छेड, रोजा लग्या उसकू." दुपार कलली की हे सुरू होतं. कुणी गिऱ्हाईकाशी हुज्जत घालतो, कुणी गाडी आडवी लावली म्हणून शिव्या देतो, कुणी घरात किरकोळ कारणावरून पोराच्या पाठीत धपाटा घालतो. आणि आजूबाजूचे समजूतदारपणे सांगतात, जाऊ द्या, रोजा लागलाय.

मला हे वाक्य खटकतं. सबर शिकवण्यासाठी जो रोजा आहे, त्याच्याच माथी आपण हा राग मारतो. बिगरमुस्लिम मित्रांनाही मग वाटतं की उपाशी राहिल्यामुळे माणसं चिडतात. पण त्याच गल्लीत दहा वर्षांचं पोर पहिला रोजा धरून हसत फिरत असतं. सत्तर वर्षांची दादी रोजा धरून कुरआन वाचत बसलेली असते. घरातल्या बाया रोज्यातच दुपारपासून चुलीपुढे उभ्या असतात. भूक आणि तहान सगळ्यांना सारखीच. मग राग ठरावीक माणसांनाच का येतो? जरा नीट पाहिलं तर त्यांच्यापैकी बहुतेकांच्या खिशात उरलेले अकरा महिने पुडी किंवा बिडीचं बंडल सापडतं.

इथे थोडं शास्त्र समजून घ्यावं लागेल. आपल्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं एक रसायन असतं. स्नायू हलवणं, जागं राहणं, लक्ष एका ठिकाणी टिकवणं, नवीन गोष्ट लक्षात ठेवणं, या सगळ्यांत त्याचा हात असतो. ते ज्या कुलपांना लागतं त्यांना ग्राही म्हणतात. १९०५ साली केंब्रिजमध्ये जॉन लँगली यांनी निकोटिनवर प्रयोग करता करताच अशा ग्राहीची कल्पना मांडली. नसांचा निरोप रसायनातून जातो हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं, आणि १९३६ मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. अ‍ॅसिटिलकोलीनच्या कुलपांच्या एका जातीला निकोटिनचीही किल्ली बसते, म्हणून त्या जातीला निकोटिनचंच नाव पडलं. कुलूप आपलं, किल्ली बाहेरची, असा हा प्रकार आहे.

आमच्या भागातल्या कापूसवाल्याला ही गोष्ट वेगळ्या नावाने माहीत आहे. कपाशीवर मावा, तुडतुडे पडले की आपण इमिडाक्लोप्रिड फवारतो. हे औषध निओनिकोटिनॉइड गटातलं, म्हणजे निकोटिनच्या धर्तीवर बनवलेलं. किड्याच्या नसांमधल्या याच जातीच्या कुलपांना ते जाम करतं आणि किडा मरतो. तंबाखूच्या झाडाने निकोटिन बनवलं तेही किड्यांपासून वाचण्यासाठीच. शेतात माव्यावर जी तऱ्हा वापरायची, तीच पानटपरीवर मावा म्हणून गालात धरायची, असा आपला कारभार!

बिडी-सिगारेटचा झुरका घेतला की निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं. तंबाखू मळताना चुना लावतात तो उगाच नाही. चुन्यामुळे तोंडातला अंश अल्कधर्मी होतो आणि निकोटिन गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरतं. मेंदूत कुलपं उघडली की डोपामिन सुटतं. बरं वाटतं, तरतरी येते, भूक दबते. कापूस वेचणाऱ्या मजूरबाईला, रात्री ट्रक चालवणाऱ्याला तंबाखू का लागते, याचं उत्तर यात आहे. नुसतं 'वाईट सवय' म्हणून हिणवण्याने ती सुटणार नाही.

पण खरी गोम पुढे आहे. बाहेरची किल्ली सारखी सारखी बसत राहिली की कुलपं गंजल्यासारखी होतात, दाद देत नाहीत. मेंदू मग कुलपांची संख्या वाढवतो. तंबाखू घेणाऱ्याच्या मेंदूत अशी कुलपं न घेणाऱ्यापेक्षा जास्त असतात. काही तास निकोटिन मिळालं नाही की ती सगळी मोकळी होऊन किल्ली मागू लागतात. मग चिडचिड, बेचैनी, उदासपणा, लक्ष न लागणं. "तंबाखूशिवाय माझं डोकं चालत नाही" असं लोक म्हणतात ते खोटं नसतं. मात्र डोकं थांबवलेलं असतं तंबाखूनेच. ज्यांनी कधी तंबाखू घेतली नाही त्यांच्यातही निकोटिनने लक्ष थोडं वाढल्याचं प्रयोगांत दिसलं आहे, पण रोजच्या खाणाऱ्याला जी तरतरी वाटते ती बहुतांशी खड्डा बुजवल्याची असते. आणि खड्डा आधीच्या पुडीने खणलेला असतो.

आता रोज्याचा हिशोब करा. निकोटिन शरीरात साधारण दोन तासांनी निम्मं होतं. सहरीनंतर पहाटे पाचला शेवटची चिमूट घेतली, तर दुपारी तीनपर्यंत ते पाच वेळा निम्मं होतं, म्हणजे बत्तिसावा हिस्सा उरतो. आपण ज्या वेळेला 'रोजा लागला' म्हणतो, बरोबर ती वेळ. खजूर आणि पाण्याने रोजा सोडून माणूस मशिदीबाहेर येतो, पहिली बिडी ओढतो आणि त्याचा चेहरा बदलतो. सगळ्यांना वाटतं, पोटात अन्न गेलं.

माझ्या अब्बांवरून मला हे कळलं. अकरा महिने त्यांच्याइतका मऊ माणूस नव्हता. रमजानमध्ये असरनंतर मात्र अम्मी आम्हा भावंडांना खालाकडे पाठवून द्यायची. तंबाखू-चुना त्यांना तरुणपणापासून. एका वर्षी गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला आणि परभणीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता थांबा. ते थांबले. पहिले चार दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. महिनाभराने ते निवळले. पुढचा रमजान भर उन्हाळ्यात आला, दिवस मोठा, तहान जास्त. तरीही अब्बा असरनंतर ओट्यावर बसून आम्हाला खजुराच्या बिया मोजायला लावत होते. रोजा तोच होता, माणूसही तोच. फक्त पुडी नव्हती. अम्मी एवढंच म्हणाली, "इत्ते साल रोजे का नाम बदनाम करे."

अम्मीचं हे वाक्य माझ्या मनात राहिलं, कारण त्यात तिचा स्वतःचाही हिशोब होता. पुरुष चिडला तर रोजा लागला. बाई चिडली तर तिची जबान लंबी. आणि बायांचीही तंबाखू आहे, फक्त तिला तंबाखू म्हणत नाहीत. ती मिश्री म्हणून दात घासायला घेतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. धूर ओढणारे केवळ ३.८ टक्के, बाकी जवळजवळ सगळी तोंडातली. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. तरी तोंडं भरलेलीच आहेत.

तंबाखू आपल्याकडे आली तीही दख्खनमार्गे. असद बेग हा मुघल वकील सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरहून ती घेऊन अकबराच्या दरबारात गेला. हकिमांनी विरोध केला, आमच्या किताबांत हिची माहिती नाही म्हणून. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने बंदीचा हुकूम काढला. तो कुणी पाळला नाही. उलेमांमध्येही हराम, मकरूह, मुबाह अशी मतं आहेत, आणि तो वाद मी सोडवणारा कोण? पण "यानं नशा चढत नाही, मग हरकत काय" या युक्तिवादाचं उत्तर मेंदूच देतो. झिंग येत नाही हे खरं, पण माणसाचा मिजाज दुसऱ्याच्या ताब्यात जातो. आपण कधी हसायचं, कधी चिडायचं हे पुडी ठरवू लागते.

रमजानबद्दल मला म्हणूनच वाईट वाटतं. तंबाखू सोडताना सगळ्यात कठीण पहिले दोन-तीन दिवस असतात, आणि त्रास साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो. रमजान एकोणतीस-तीस दिवसांचा. रोजेदार तेरा-चौदा तास तंबाखूशिवाय काढतो, तेही रोज. अवघड भाग तो करूनच बसलेला असतो. मग संध्याकाळी पुडी उघडतो आणि मेंदूची कुलपं परत होती तशी. सोडण्याचा सगळा त्रास तो महिनाभर रोज नव्याने भोगतो, आणि सुटका एकाही दिवसाची मिळत नाही. इतका महाग सौदा दुसरा नसेल.

इफ्तार ते सहरी हे दहा तास सांभाळायचे आहेत. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडणाऱ्यांसाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. निकोटिनचे पट्टे आहेत, वॅरेनिक्लिनसारख्या गोळ्या आहेत. ही गोळी त्याच कुलपांना अर्धवट उघडून तलफ कमी करते. डॉक्टरांना विचारून घ्यावं, आणि रोज्यात पट्टा चालतो का हे आपल्या आलिमांना विचारावं. मशिदीत तरावीहनंतर पाच मिनिटं यावर बोललं गेलं तर जुम्याच्या लांब तकरिरीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि तोपर्यंत निदान एवढं करू या. पुढच्या रमजानमध्ये कुणी असरनंतर पोरावर हात उचलला, तर "रोजा लागलाय" असं म्हणायचं नाही. जी लागली आहे तिचं नाव घ्यायचं.