दगडावर वीट

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याला नागनाथाच्या प्रदक्षिणेला निघालेला माणूस देवळाच्या भिंतीशी रेंगाळतोच. खाली काळा बेसाल्ट, एकावर एक चढत गेलेले जोत्याचे थर, त्यांतला हत्तींचा गजथर, त्यावर मूर्तींनी भरलेली भिंत. मग नजर वर सरकते आणि एका रेषेशी अडते. तिथे दगड संपतो आणि विटा-चुन्याचे पांढरे काम सुरू होऊन कळसापर्यंत जाते. खालचे काम यादवकाळातले, तेराव्या शतकाच्या आसपासचे. वरचे पुढच्या जीर्णोद्धारातले. त्याचे श्रेय परंपरेने अहिल्याबाई होळकरांना दिले जाते, म्हणजे १७६७ ते १७९५ या त्यांच्या कारभाराच्या काळाला. अभ्यासकांचे लक्ष बहुधा रेषेच्या खालीच राहते. कोरीव काम तिथे आहे, मूर्ती तिथे आहेत. वरच्या पांढऱ्या शिखराला ‘नंतरची दुरुस्ती’ एवढ्या दोन शब्दांत वाटेला लावले जाते. माझा पीएचडीचा विषय मात्र ती रेषच आहे. दुसऱ्या कारागिराने पहिल्याचे काम कसे वाचले आणि त्याला काय उत्तर दिले, हे मला शोधायचे आहे.

हा प्रश्न मला ग्रंथालयात सुचला नाही. हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा जिल्हा झाला आणि त्यानंतर इथे बांधकामे वाढत गेली. बांधकामाच्या माझ्या व्यवसायात येणारी बरीच कामे एकाच जातीची असतात. आजोबांनी बांधलेले दगडी जोते, मातीच्या भिंती, आणि नातवाला वर मजला हवा. हळदीचे चार पैसे हातात आले की वसमत काय, कळमनुरी काय, हीच मागणी. अशा कामात पहिला निर्णय माझा नसतो. खोल्या कुठे, दार कुठे, भिंत किती रुंद, हे कोणीतरी आधीच ठरवून गेलेले असते. माझ्या साइटवरचे एक जुने गवंडी प्रत्येक वेळी तेच सांगतात, “ताई, खालच्या भिंतीच्या पोटात काय भरलंय ते बघितल्याबिगर वर वजन टाकू नका.” दगडी भिंतीला दोन चेहरे असतात, आतला आणि बाहेरचा, मधल्या पोकळीत गोटे, माती, कपच्या. चेहरा शाबूत दिसतो आणि पोट सुटलेले असते. औंढ्याच्या शिखरासाठी दगड सोडून वीट आणि चुना घेणाऱ्याने हाच हिशेब केला असणार, असे मला वाटते. सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाच्या काळात देवळाची तोडफोड झाली, असे इकडे सांगतात. हादरलेल्या भिंतींवर बेसाल्टचे शिखर पुन्हा रचायचे, तर केवढे ओझे! वीट हलकी आणि चुना थोडा दबणारा. साहित्य बदलण्यामागे पैशाची चणचण असेल, दगडी कोरीवकामाचे हात कमी झालेले असतील, तशी रचनेची समजही असेल. ही समज मोजमापातून दाखवता येते का, हे पाहणे माझे काम.

मोजमापाला आधार मिळतो तो जोत्याच्या वळणांचा. देवळाची भिंत सरळ जात नाही. मधला भाग पुढे येतो तो भद्र, कोपऱ्याचा तो कर्ण, त्यांच्या मधला प्रतिरथ. ही वळणे जमिनीपासूनच सुरू होतात आणि वर शिखरात चढतात. भूमिज शिखर घ्या. सिन्नरचा गोंदेश्वर किंवा अंबरनाथचे शिवालय पाहिलेल्याला ते डोळ्यांसमोर येईल. चारही बाजूंच्या भद्रांवरून चार उभ्या पट्ट्या वर जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या रांगा, मजल्यामागून मजला, लहान होत जातात. खाली किती वळणे आहेत त्यावर वर किती रांगा बसतील हे ठरते. म्हणजे शिखर पडले तरी त्याची पुष्कळशी माहिती जोत्यात शिल्लक राहते. अॅडम हार्डी यांनी भारतीय देवळाकडे असेच पाहायला शिकवले: मोठे देऊळ म्हणजे लहान देवळांची गुंफण, एकातून दुसरे बाहेर येत जाणारे. मध्य प्रदेशात भोजपूरला तर अकराव्या शतकातल्या अपुऱ्या देवळाजवळच्या खडकावर कारागिरांनी कोरलेले नकाशे अजून आहेत. औंढ्यात मला जोत्यावरूनच वाचावे लागते. हेन्री कझिन्सचा दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचा ग्रंथ १९३१ सालचा आणि गो. बं. देगलूरकरांचे मराठवाड्याच्या मंदिरांवरचे काम त्यानंतरचे. या दोघांच्या आधाराशिवाय मी एक पाऊलही टाकू शकले नसते. आणि इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. आपल्याकडे जुने दगडी देऊळ दिसले की त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतात. अंबरनाथचा शिलालेख १०६० चा आहे. ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला. दोनशे वर्षांचे प्रयोग, चढाओढी आणि फेरविचार एका नावाखाली गाडले जातात.

तळाचा नकाशा काढला की बरेच हाती येते, पण औंढ्यात तेवढ्याने भागत नाही. देऊळ उभे कापल्यासारखे दाखवणारा छेद काढावाच लागतो. नागनाथाचे लिंग मंडपाच्या पातळीवर नाही, खाली तळघरासारख्या छोट्या गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्यांनी, अंग चोरून उतरायचे. वर माणसांचा गलका, घंटा, उजेड. खाली दमट उष्मा, समईचा प्रकाश, आणि मोजक्या माणसांपुरती जागा. मंडपात ताठ चालत आलेला माणूस वाकतो, वळतो, हात भिंतीला लावतो. ही हालचाल कोणी सांगून होत नाही, रचना ती करवून घेते. अंबरनाथलाही पायऱ्या उतरूनच शिवापाशी जावे लागते. पण तिथे गाभाऱ्यावरचे शिखर आज उघडे आहे, वरून आभाळाचा उजेड येतो. औंढ्यात अंधार पुरता राखलेला आहे. छेदात कळसापासून लिंगापर्यंत एक उभी रेषा ओढली की ती जमिनीवर थांबत नाही, पायऱ्यांबरोबर खाली जाते. बाहेरून दिसणारी उंची ही या रेषेचा फक्त वरचा भाग. शिखर किती उंच हवे हा प्रश्न मला त्यामुळे बाहेरच्या दर्शनी नकाशावर सोडवता येत नाही. मला या विषयात सर्वांत जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर हा छेद हाताने काढण्याचा. यंत्राने घेतलेले लाखो बिंदू अचूक असतात, ते मीही वापरते; पण पेन्सिल एका थरावरून दुसऱ्यावर जाताना थांबते, आणि थांबली की प्रश्न पडतो.

लिंगासारखीच नंदीची जागाही नेहमीपेक्षा वेगळी आहे. औंढ्यात तो देवळाच्या मागे आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला सांगितले तेव्हा नागनाथानेच देऊळ त्यांच्याकडे फिरवले, ही कथा इथल्या प्रत्येक घरात आहे. नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यातले, कयाधूच्या काठचे. प्रबंधात ही कथा परिशिष्टात टाकावी असे मला सुचवले गेले होते. मी ती मुख्य प्रकरणात ठेवली. नंदी आणि दार यांचा नेहमीचा संबंध इथे तुटलेला आहे हे लोकांनी पाहिले, त्याचे कारण मागितले आणि ते शेकडो वर्षे सांभाळले. रचनेचे इतके बारीक निरीक्षण मला एरवी कुठे मिळणार होते?

औंढा तालुक्यातच आता लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एकमेकींना काटकोनात. गुरुत्वीय लहरी पकडायच्या म्हणून तिची आकृती आधीच पक्की ठरलेली आहे. देवळाची रचना अशी एका फटक्यात ठरत नाही. महाशिवरात्रीच्या उत्सवात रथ देवळाभोवती फिरतो, त्याला वळायला आवार लागते. गर्दी वाढली की रांगेची वाट बदलते. एका पिढीची ओवरी दुसरीची भांडारखोली होते. त्यातून मूळ हिशेब वेगळा काढायचा तर धीर हवा. नियमांनी पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे दिली आहेत. व्यवसाय सांभाळून करणाऱ्याला ती कमी वाटतात. माझ्या कामात ग्राहकाला उत्तर द्यायचे असते आणि पावसाळ्याआधी स्लॅब पडायचा असतो. प्रबंधात उत्तर खोटे ठरेल अशी जागा आधी मोकळी सोडावी लागते. वरच्या शिखराच्या घड्या खालच्या वळणांशी जुळल्या नाहीत, तर दुसऱ्या कारागिराने पहिल्याचे वाचले हा माझा दावा पडेल. तो पडला तरी चालेल अशा तयारीने मोजायला शिकणे, हे मला या वयात अवघड गेले आणि फार आवडले.

या सगळ्याची निकड मात्र पुस्तकी नाही. मराठवाड्यात गावोगाव जुन्या देवळांची दुरुस्ती जोरात आहे. श्रद्धेने वर्गणी गोळा होते, आणि तिच्यातून सिमेंटचा गिलावा, फरशी, ऑइलपेंट येतो. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती अडवते. मग ओल दगडातून वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि कोरलेला चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. ‘नंतरची दुरुस्ती’ म्हणून चुन्याच्या कामाला किंमत न देण्याची सवय अभ्यासकांनीच लावली असेल, तर गावकऱ्यांना कोणत्या तोंडाने अडवायचे? प्रबंधाला मी म्हणून एक नकाशासंच जोडते आहे. दगड कुठे संपतो, चुना कुठे सुरू होतो, पाणी कुठून उतरते, कोणत्या सांध्यात सिमेंट अजिबात भरू नये. मोठ्या मापात, मराठीत, गवंड्याला पराती-थापीशेजारी उघडून ठेवता येईल असा.