कासवानं घडवलेला काटा

फड्या निवडुंगाचं लालबुंद बोंड ज्यानं माळावर बसून खाल्लं आहे, त्याला त्याचे दोन्ही काटे ठाऊक असतात. लांब काटा दिसतो, म्हणून चुकवता येतो. बोंडावरची बारीक कुसळं मात्र ओठांत शिरली की दिवसभर खुपत राहतात. तरीही बोंडं गवतावर घोळवून, कुसळं झाडून पोरं ती खातातच.

हा निवडुंग मूळचा आपला नाही. जहाजांतून अमेरिकेहून आला आणि दख्खनच्या बांधांवर घरचाच होऊन बसला. त्याचे भाऊबंद, ओपन्शिया या एकाच प्रजातीतले, इक्वेडोरच्या पश्चिमेला सुमारे हजार किलोमीटरवर, गॅलापागोस बेटांच्या काळ्या लाव्ह्यावर उभे आहेत. काटा कसा घडतो हे समजून घ्यायचं, तर मला त्यांच्याइतका चांगला गुरू दिसत नाही.

तिथल्या सांता क्रूझ बेटावर निवडुंग चक्क वृक्ष होतो. दहा-बारा मीटर उंच, खाली जाड खोड, वर फड्यांचा पसारा. रोप कोवळं असतं तेव्हा त्याचं खोडही राठ काट्यांनी भरलेलं असतं. दूर हेनोवेसा बेटावर मात्र याच प्रजातीतला निवडुंग जमिनीलगत पसरतो आणि त्याचे काटे मऊ असतात. सांता क्रूझवर महाकाय कासवं आहेत, दोनशे किलोंहून अधिक वजनाची. हेनोवेसावर ती कधी नव्हतीच.

निवडुंगाचा काटा म्हणजे रूप पालटलेलं पान. कोरड्या मुलखात रुंद पान म्हणजे पाण्याची उघडी वाट. ज्यांची पानं आखूड, ती रोपं तगली. अन्न करायचं काम हिरव्या खोडानं उचललं आणि पाणीही त्यातच साठू लागलं. तहानलेल्या प्रदेशात पाण्यानं भरलेला देह उघड्यावर उभा राहिला, तर त्याला तोंड लावणारे येणारच. हजार रोपांत काहींचे काटे उपजतच जरा राठ असतात. कासव मऊ रोप खातं, राठ सोडतं. राठ रोपाला फळ धरतं, त्याचं बी पडतं, पुढच्या पिढीत राठ रोपं थोडी वाढतात. एवढंच घडतं, पण ते लाखो वर्षं घडत राहतं. आपण सहज म्हणतो, झाडानं रक्षणासाठी काटे काढले. झाडानं काहीच ठरवलं नव्हतं. त्याच्या प्रत्येक काट्यामागे खाल्ल्या गेलेल्या असंख्य मऊ रोपांचं मरण आहे, आणि ते आठवलं की काट्याकडे पाहताना माझं मन हळवं होतं.

सगळं श्रेय कासवाला देऊ नये. काटे उन्हाची तिरीप अडवतात, वारा थोपवतात. मेक्सिकोत एका निवडुंगाचं अंग तर म्हाताऱ्याच्या जटांसारख्या पांढऱ्या केसांनी झाकलेलं असतं. सांता क्रूझवरची उंची शेजारच्या झुडपांशी उजेडासाठी चाललेल्या चढाओढीतून आली असावी, असंही काही अभ्यासक मानतात. उंचीबाबत ते खरं असेल. पण मऊ काटे नेमके कासव नसलेल्या बेटावर आढळावेत, यात मला कासवाचाच हात दिसतो.

सप्टेंबर 1835 मध्ये सव्वीस वर्षांचा चार्ल्स डार्विन या बेटांवर उतरला, तेव्हा त्यांतल्या सान क्रिस्तोबालवर त्याला निवडुंग खात असलेलं एक प्रचंड कासव भेटलं. मऊ रोपं मरतात आणि राठ उरतात, याच नैसर्गिक निवडीचा त्याचा ग्रंथ आला 1859 साली.

काट्याचं बळ ओळखीच्या तोंडापुरतंच असतं. गॅलापागोसमधल्याच एस्पान्योला बेटावर माणसानं शेळ्या आणून सोडल्या. त्यांनी निवडुंगाची खोडं कुरतडून झाडं आडवी केली. कासवाला पुरून उरलेला काटा त्यांच्यापुढे हरला. आधीच माणसांनी मारून संपवत आणलेली कासवंही उपाशी पडली. शेवटी उरल्या बारा माद्या आणि दोन नर. त्यांना सांता क्रूझवर नेऊन जपलं, अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयातून त्याच जातीचा डिएगो नावाचा आणखी एक नर आणला. 1978 पर्यंत बेटावरच्या शेळ्या हटवण्यात आल्या. 2020 साली ती पंधरा कासवं घरी परतली, तेव्हा त्यांची सांता क्रूझवर वाढवून इथे सोडलेली सुमारे दोन हजार संतती तिथे नांदत होती. ही कासवं निवडुंगाच्या गळलेल्या फड्या आणि फळं खातात, आणि त्यांच्या विष्ठेतून निवडुंगाचं बी बेटभर पडतं.