बारा भोकं द्या!

वाण्याच्या दुकानात जाऊन तुम्ही कधी 'पाव किलो भोकं द्या' असं म्हटलंय? म्हणून बघा! वाणी बहुधा तुमच्या घरी निरोप धाडेल, की पोराला ताप आलेला दिसतोय, घेऊन जा. पण अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस शहरात, डोनटच्या दुकानात सकाळच्या वेळी उभे राहा. कुणीतरी येतं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणतं, "एक डझन होल्स द्या." होल म्हणजे भोक. आणि दुकानदार अजिबात न हसता ती कागदी पिशवीत भरून देतो!

डोनट म्हणजे मैद्याचं तळलेलं, साखरेच्या पाकात घोळवलेलं कडं. आपल्या बालुशाहीचा लांबचा भाऊ म्हणा ना. त्याला भोक का, हे तुमच्या आईला विचारा, ती मेदूवड्यावरून सांगेल. जाड गोळा तसाच तेलात सोडला तर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. मध्ये भोक पाडलं की तेल आतूनही लागतं. हे भोक आपणच पहिल्यांदा पाडलं, तेही १८४७ साली जहाजावर, मिरपुडीच्या पत्र्याच्या डबीचं झाकण वापरून, असं मेन राज्यातला हॅन्सन ग्रेगरी नावाचा खलाशी म्हातारपणी सांगत असे. खरंखोटं तोच जाणे. पण भोक पाडलं की मधला चिमुकला गोळा उरतोच. तोही तळून, साखर लावून विकायचा. त्याचंच नाव 'डोनट होल'. म्हणजे भोकाचे पैसे वेगळे आणि भोक ज्यात आहे त्याचे वेगळे!

चला, आज आपण गिऱ्हाईक व्हायचं नाही. तुम्ही गल्ल्यामागे उभे राहा. पहाटेचे पाच वाजलेत. एका बाजूला कपडे धुण्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला पेट्रोलपंप. मध्ये हे एवढंसं दुकान. रात्री लोक झोपायला गेले तेव्हा इथं पीठ मळायला घेतलं होतं. यीस्ट घातलेलं पीठ फुगायला वेळ लागतो, त्याला घाई चालत नाही. मग लाटायचं, कापायचं, पुन्हा फुगू द्यायचं, तळायचं, काठीनं उलटायचं आणि गरम असतानाच पाक ओतायचा. फुगलेला डोनट तेलावर तरंगतो, म्हणून त्याच्या कमरेला पांढुरका पट्टा राहतो. नीट बघा, दिसेल.

आता गिऱ्हाइकं यायला लागली. एक बस-ड्रायव्हर काचेवर बोट ठेवून म्हणतो, "तो द्या. तो गोल, भोकवाला." अहो, काचेमागचे निम्मे डोनट गोल आणि भोकवालेच आहेत! तुम्ही एकावर चिमटा नेता. "तो नव्हे, त्याच्या शेजारचा." कुणाच्या बाजूचा शेजारी? त्याच्या उजव्या हाताचा तुमचा डावा.

दुसरी बाई विचारते, "केक आहे का?" केकवर तिचं मन नसतं बरं का. यीस्टऐवजी बेकिंग पावडरनं फुगवलेल्या, जरा घट्ट डोनटला 'केक डोनट' म्हणतात. त्यातल्याच भेगाळलेल्या, खरबरीत कडांच्या प्रकाराचं नाव 'ओल्ड फॅशन्ड', म्हणजे जुन्या पद्धतीचा. मग एखादा विचारतो, "ओल्ड फॅशन्ड ताजे आहेत का?" नवख्या माणसानं यावर काय बोलावं? जुनं ते ताजं कसं? पण असतं. आणि 'अस्वलाचा पंजा' मागितला तर घाबरू नका. पंजासारख्या आकाराचं ते गोड पक्वान्न आहे, अस्वल जंगलात सुखरूप आहे.

डझनाचा घोळ तर विचारूच नका. बारा म्हणजे डझन हे आपण तिसरी-चौथीत शिकलो. पण 'बेकरचं डझन' तेराचं असतं! जुन्या काळी इंग्लंडमध्ये पाव वजनाला कमी भरला तर बेकरला शिक्षा होई. म्हणून तो भीतीनं एक जास्तच टाकायचा, असं सांगतात. त्यामुळे कुणी विचारतं, "तुमचं डझन बाराचं की तेराचं?" मग अर्धं डझन म्हणजे साडेसहा का?

आपल्याकडून तिकडे गेलेली मराठी मंडळीही यात भर घालतात. "हे व्हेजिटेरियन आहे ना?" दुकानदार म्हणतो, "हो हो, मांस मुळीच नाही." प्रश्न बरोबर, उत्तरही त्यांच्या रिवाजाप्रमाणे बरोबर. पण अमेरिकेत शाकाहारी म्हटलं की अंडं चालतं, आणि डोनटच्या पिठात ते बरेचदा असतं. तेव्हा अंडं न खाणाऱ्यांनी सरळ 'यात अंडं आहे का' असंच विचारावं.

आता थोडं गल्ल्यामागच्या माणसाकडे बघू. दक्षिण कॅलिफोर्नियातली अशी छोटी दुकानं बहुतेक कंबोडियातून आलेल्या कुटुंबांची आहेत. १९७५ साली ख्मेर रूज या क्रूर राजवटीनं कंबोडिया ताब्यात घेतला. लाखो माणसं उपासमारीनं, रोगानं आणि हत्याकांडात गेली. जी निसटली त्यांतली बरीच अमेरिकेत आली. टेड नॉय त्यांतलाच एक. बायकोमुलांसह तो कॅम्प पेंडल्टनच्या निर्वासित छावणीत उतरला. चर्चमध्ये झाडलोट केली, पेट्रोलपंपावर रात्री काम केलं. तिथंच शेजारच्या दुकानातून वास आला आणि त्यानं पहिला डोनट खाल्ला. त्याला आठवलं, आपल्या देशात असंच भोकाचं, तळलेलं 'नोम काँग' मिळतं! तो डोनट करायला शिकला, १९७७ साली ला हाब्रा गावात स्वतःचं दुकान घेतलं आणि पुढे डझनावारी दुकानं काढून ती आपल्या देशबांधवांना चालवायला दिली. (पुढे जुगारापायी त्यानं सारं घालवलं, तेही खरं.) डोनटचं गुलाबी खोकं याच मंडळींमुळे रुळलं. पांढऱ्यापेक्षा ते थोडं स्वस्त पडे, म्हणतात.

आता विचार करा. परका देश, इंग्रजी जेमतेम, आणि समोरचा माणूस भोकं मागतोय, अस्वलाचा पंजा मागतोय, जुनं ताजं आहे का विचारतोय! चुकीचा डोनट दिला तर गिऱ्हाईक उद्या पलीकडच्या दुकानात जाणार, आणि त्या गल्ल्यावर अख्खं घर अवलंबून. मग मदतीला यायची शाळकरी पोरं. गल्ल्यामागे स्टुलावर बसून गृहपाठ करायचा, मध्येच उठून आईला सांगायचं, "त्यांना केक नकोय, केक डोनट हवाय." कित्येक मुलं अशीच वाढली, आणि पुढे त्यांतल्या काहींनी तीच दुकानं सांभाळली.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या एका गावात असंच एका नवरा-बायकोचं दुकान होतं. दोघंही कंबोडियातून आलेली, गल्ल्यावर नेहमी बरोबर. २०१८ साली बाई दिसेनाशा झाल्या. रोजच्या गिऱ्हाइकांनी विचारलं, "त्या कुठे आहेत?" बाई खूप आजारी होत्या, आणि नवऱ्याला सगळा माल खपेपर्यंत दुकान सोडता येत नव्हतं. लोक म्हणाले, आम्ही वर्गणी काढतो. तो म्हणाला, पैसे नकोत, तिच्याजवळ बसायला वेळ हवाय.

दुसऱ्या दिवसापासून लोक पहाटेच रांग लावायला लागले. एकेक जण खोकं भरून नेई. कुठला हवा, ताजा का, भोकाचा का, काही नाही. "एक डझन द्या, कुठलेही चालतील." दुपार व्हायच्या आत काचेमागचे ट्रे रिकामे व्हायचे, आणि तो दार ओढून बायकोकडे जायचा.