मोकळी तार

संशोधक म्हणून माझ्या नावावर जे काही जमा आहे, त्यातलं बरंचसं आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांच्या बोटांचं आहे. हे लिहायला उशीर झालाय, तरी लिहितो.

काँक्रीटच्या तुळईवर भार टाकायचा आणि आतली सळई किती ताणली जाते ते मोजायचं, हे आमचं काम. मोजणार कशाने, तर 125 मायक्रॉन जाडीच्या काचेच्या फायबरने. लेसरच्या प्रकाशाने अशा फायबरच्या गाभ्यात कायमची जाळी उमटते, हे केन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1978 मध्ये कॅनडात, ओटावाला दिसलं. ही जाळी एका ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश परत फिरवते. फायबर ताणलं की जाळीच्या रेघांमधलं अंतर वाढतं आणि ती तरंगलांबीही सरकते. मीटरभर लांबीत एका मायक्रॉनची वाढ झाली, म्हणजे एक मायक्रोस्ट्रेन ताण आला, तर 1550 नॅनोमीटरच्या आसपास ती सरकते जेमतेम 1.2 पिकोमीटर. एवढ्याशा फरकाच्या भरवशावर पुलांची तब्येत सांगायची! कॅलगरीच्या बेडिंग्टन ट्रेल पुलात 1993 मध्येच असे सेन्सर बसले.

हे सगळं पुस्तकात मिळतं. सळईला खाच पाडून ती घासूनपुसून कोरडी कशी करायची, फायबर हलकं ताणून तिच्यात कसं निजवायचं, एपॉक्सीत हवेचा बुडबुडा राहू न देता ते कसं भरायचं, हे मला काकांनी शिकवलं. ते फायबरला तार म्हणत आणि एपॉक्सीला डिंक. "सळईला काय होतंय ते तारेला डिंकच सांगतो. डिंक खोटं बोलला तर तारेने काय करावं?" काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर चालू झाला की ते फायबर बाहेर पडतं त्या टोकाशी उभे राहत. तुटायचं ते बहुधा तिथेच.

आणि प्रत्येक तुळईत ते एक तार मोकळी ठेवत. बारीक नळीत, कशालाही न चिकटवलेली. तिच्यावर भार येत नाही, ऊन-गारवा मात्र तेवढाच लागतो. तापमान एका अंशाने चढलं की जाळी सुमारे 10 पिकोमीटर सरकते, म्हणजे कुणी बोटही न लावता आठेक मायक्रोस्ट्रेन ताणाचा भास. मोकळ्या तारेचा आकडा हाताशी असला तरच उष्णतेचा वाटा वेगळा काढता येतो. ही युक्ती ग्रंथांतही आहे. पण साहेब घाई करत असताना, ट्रक दाराशी उभा असताना ती तार टाकल्याशिवाय काम पुढे सरकू न देणं, हे ग्रंथ शिकवत नाहीत.

शोधनिबंधांत काकांचं नाव शेवटच्या आभारांत येई. लेखकांच्या यादीत अशा हातांना जागा नसते. माझ्या मते ती असायलाच हवी.

आता पुलांचे अहवाल माझ्याकडे तपासायला येतात. आलेखांकडे वळण्याआधी मी मोकळ्या तारेची नोंद शोधतो. ती नसेल तर अहवाल परत पाठवतो, आणि फोनवर कारण सांगताना डिंकाचं ते वाक्य काकांच्या नावानिशी ऐकवतो.