टाकीत पाणी किती आहे?

उंच टाकीत पाणी किती आहे, हे खाली उभ्या असलेल्या माणसाला बिनचूक कळावं, एवढंच माझं काम. आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड केला, मग अकोल्याच्या एमआयडीसीत सरकीच्या तेलाच्या टाक्यांवरची यंत्रं सांभाळली, आणि आता गावी, हिवरखेडला राहून आसपासच्या नळयोजनांची कामं करतो. या कामात मला रडार भेटलं. रडार म्हटलं की लोकांना विमानं आठवतात. माझं रडार टिफिनच्या डब्याएवढं असतं आणि टाकीच्या स्लॅबवर पालथं बसून खाली पाण्याकडे बघत असतं.

आमच्या भागात पाण्याचं मोजमाप ही हौसेची गोष्ट नाही. तेल्हारा तालुक्याच्या वरच्या अंगाला सातपुड्याचा पायथा, तिथे बोअर खोल खोल चाललेत. खाली पूर्णेकडे उतरलं की खारपाणपट्टा. विहिरीला पाणी आहे, पण पिववत नाही. मधल्या गावांची भिस्त वारीच्या वान धरणावर. त्याच पाण्यावर संत्री, केळी आणि पानपिंपरीही उभी. वानचं पाणी तालुक्याबाहेर किती जावं यावरून इथे आंदोलनं झाली आहेत. धरणातला साठा दलघमीत पेपरात छापून येतो, लोकांना तो तोंडपाठ असतो. गावच्या टाकीत आज सकाळी किती लिटर होतं, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. मला हे फार खटकतं. भांडण होतं ते शेवटी टाकीखालीच.

जुन्या टाक्यांना बाहेरून एक पट्टी असते. आत फ्लोट, त्याला दोरी, दोरी पुलीवरून बाहेर आलेली आणि तिच्या टोकाला काटा. पाणी चढलं की काटा खाली येतो, म्हणजे पट्टी उलटी वाचायची. दोरी गंजते, पुली अडकते, आणि काटा वर्षानुवर्षं एकाच आकड्यावर उभा राहतो. मग वॉलमनकडे दोनच खुणा उरतात: ओव्हरफ्लोच्या पाइपातून धार पडली तर टाकी भरली, आणि नळाला हवा आली तर संपली. या दोन टोकांमध्ये काय चाललंय ते त्याच्या अनुभवावर.

हिवरखेडच्या उत्तरेकडच्या एका खेड्यात मला बोलावलं ते मे महिन्यात. दोन लाख लिटरची टाकी. आधीच्या कंत्राटदाराने तिच्यावर अल्ट्रासॉनिक बसवलेलं, म्हणजे आवाजाच्या लहरींवर चालणारं. तक्रार अशी की दुपारी वॉल बंद असतानाही टाकीतलं पाणी कमी होतं. काही जण म्हणत टाकी गळते, काही जण म्हणत रातच्या जोडण्या आहेत, एका गल्लीने दुसऱ्या गल्लीवर संशय घेतलेला. वॉलमनकाका मात्र ठाम होते.

"टाकी गळत नाई बावा. म्या खालून रोज पायतो, एक थेंब नाई. तुमचं यंत्रच दुपारचं खोटं बोलून रायलं."

काकांचं बरोबर होतं. नोंदी काढून बघितल्या तर संध्याकाळी ऊन उतरलं की पातळी आपोआप परत वर येत होती, आणि गळालेलं पाणी काही परत येत नसतं. आवाजाचा हवेतला वेग तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटरने. यंत्रात त्यासाठी तापमान मोजायची सोय असते, पण ती यंत्राच्या डोक्यात. डोकं स्लॅबवर, उघड्या उन्हात. आत पाण्यावरची हवा थंड. यंत्राला हवा आहे त्यापेक्षा १५ अंशांनी गरम वाटली तर अंतर अडीच टक्क्यांहून जास्त मोजलं जातं. पाणी ३ मीटर खाली असेल तर ८ सेंटिमीटर जास्त. या टाकीचा व्यास ८ मीटर. त्यामुळे तिच्यातला एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास ५०० लिटर. म्हणजे रोज दुपारी ४ हजार लिटर पाणी कागदावरून गायब होत होतं आणि गावात भांडणं लागत होती.

म्हणून तिथे रडार बसवायचं ठरवलं. रडारला ही अडचण येत नाही. त्याच्या लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात आणि ऊन, वाफ, वारा यांनी त्या वेगात सांगण्यासारखा फरक पडत नाही. १९७०च्या दशकात तेलवाहू जहाजांच्या टाक्यांसाठी स्वीडनमध्ये हे तंत्र वापरात आलं, मग रिफायनऱ्यांत, आणि आता ते पाणीपुरवठ्यापर्यंत उतरलंय. आपल्याकडे कृष्णा-भीमा खोऱ्यात जलसंपदा विभागाने नद्यांची पातळी आपोआप नोंदवायला पुलांवर अशीच रडारं बसवली आहेत. टाकी चार मीटर खोल असेल तर लहर खाली जाऊन परत यायला सेकंदाचे अब्जांश लागतात, तेही पंचवीस-तीसच. एवढा वेळ सरळ मोजणं कठीण. म्हणून यंत्र आपली वारंवारता सतत चढवत नेतं. परत आलेली लहर जुन्या वारंवारतेची असते, तोवर यंत्र पुढे गेलेलं असतं. दोन्हींतला फरक जितका जास्त, तितकं पाणी खाली. हे मी काकांना टाकीखाली बसून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "म्हंजे पान्याले हातच लागत नाई?" नाही लागत. पाण्यात काही बुडत नाही, गंजत नाही, शेवाळत नाही. मला या यंत्राचं सगळ्यात जास्त मोल वाटतं ते यासाठी.

पण ते कुठे बसवायचं यावर सगळं अवलंबून. स्लॅबच्या बरोबर मधोमध बसवायचा मोह होतो, कारण तिथे जागा छान असते. घुमटाकार छताखाली मधोमध बसवलं तर लहरी छतावर आपटून पुन्हा पुन्हा मध्यावरच गोळा होतात आणि एका पाण्याची दोन पाणी दिसतात. पाणी चढवणाऱ्या पाइपच्या धारेवर बसवायचं नाही, कारण धार पडताना ती धारच पातळी समजली जाते. शिडीजवळ नाही, प्रत्येक पायरी आपला प्रतिध्वनी देते. भिंतीपासूनही अंतर ठेवायचं. जुन्या २६ गिगाहर्ट्झच्या रडारचा झोत साडेचार मीटरवर अडीच फूट पसरायचा, ८० गिगाहर्ट्झच्या रडारचा जेमतेम फूटभर. म्हणून अडचणीच्या टाकीत मी ८० वालंच मागतो. तेलाच्या टाकीत याचा आणखी कस लागतो, कारण तेल लहरींचा थोडाच भाग परत पाठवतं आणि वर फेस असला तर तोही खातं. पाणी त्या मानाने चांगलं उत्तर देतं.

बसवायचा दिवस मी टाकी धुवायच्या दिवशीच धरतो. त्यामागे कारण आहे. शिडी, पाइप, खांब यांचे खोटे प्रतिध्वनी यंत्राला दाखवून "हे पाणी नव्हे" असं शिकवावं लागतं. टाकी अर्धी भरलेली असताना हे केलं तर पाण्याखालची शिडी यंत्राने पाहिलेलीच नसते. पाणी उतरलं की ती नव्याने दिसते आणि आकडा तिथेच अडकतो. रिकामी टाकी वर्षातून मोजक्या वेळाच मिळते, ती संधी घालवायची नाही.

दुसरं कारण टेप. त्या टाकीत मी उतरलो तेव्हा धुणारी पोरं गाळ काढत होती. वर एक माणूस उभा ठेवूनच उतरायचं, एकट्याने कधीच नाही. तळाला घोट्याएवढा चिखल, भिंतीवर पाण्याने ओढलेल्या रेघा एकाखाली एक, आणि बोललं की आपलाच आवाज चारदा परत येतो. एका पोराने वर रडारच्या तोंडाला टेपचं टोक धरलं, मी चिखल बाजूला सारून काँक्रीटवर टेप टेकवला. ४ मीटर ६२ सेंटिमीटर. नकाशावर होतं साडेचार मीटर, कारण स्लॅबवर नंतर बांधलेल्या ओट्याची उंची नकाशात नव्हती. यंत्राला सांगायचं पहिलं अंतर हेच: तळ किती खाली. नकाशावरचं घातलं असतं तर पातळी कायम १२ सेंटिमीटर चुकली असती, म्हणजे ६ हजार लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या हिशोबाने हे जवळपास ११० माणसांचं एका दिवसाचं पाणी. नकाशा बघून आकडे भरणारे लोक मी पाहिलेत. टाकीत उतरायला एक तास लागतो, आणि तो तास वाचवण्यासारखा नसतो.

बाकी जोडणी सरळ आहे. २४ व्होल्टचा पुरवठा. लाइटचा भरवसा नाही म्हणून मागे बॅटरी. पहिल्या पावसात आमच्याकडे विजा फार, आणि टाकी हीच गावातली सगळ्यात उंच गोष्ट, म्हणून सर्ज प्रोटेक्टर आणि चांगलं अर्थिंग. अर्थिंगचे पैसे वाचवू द्यायचे नाहीत, यावर मी सरपंचांशीही वाद घातलाय. यंत्र खाली सिग्नल पाठवतं तो ४ ते २० मिलिॲम्पियरचा. रिकाम्या टाकीला ४, भरलेल्या टाकीला २०. शून्यापासून सुरुवात नाही, कारण शून्य आलं तर वायर तुटली असं समजावं आणि ४ आलं तर टाकी खरंच रिकामी. या टाकीत पाणी चार मीटर चढतं, म्हणून हिशोब सोपा: मीटरला ४ मिलिॲम्पियर. १२ म्हणजे अर्धी. काकांना मी मल्टिमीटर वापरायला शिकवलं, आणि ते माझ्यापेक्षा लवकर लिटर सांगायला लागले. डिस्प्ले बंद पडला तरी त्यांचं अडत नाही.

यंत्र चालवणं हे बसवण्यापेक्षा मोठं काम आहे, हे मला शेजारच्या एका गावात पटलं. तिथे दुसऱ्याच कुणी रडार बसवलं होतं, आणि टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हायची सोय केलेली. भर सप्टेंबरात तिथे नळ बंद. पंपाजवळचा डिस्प्ले टाकी शंभर टक्के भरलेली दाखवतोय, म्हणून पंप सुरूच होत नव्हता. मी पोचलो तेव्हा एक मावशी रिकामं गुंड घेऊन टाकीखाली उभ्या होत्या. म्हणाल्या, "टाकी भरली म्हन्ते, अन् घरी गुंडभर पानी नाई. इतली शिकली मानसं, कोनी वर चढून तं पाहा!"

वर चढलो. हवा जायच्या नळीची जाळी फाटलेली, आणि त्या वाटेने आत गेलेल्या कुंभारमाशीने रडारच्या तोंडावरच मातीचं घर बांधलेलं. ओल्या मातीतून लहर नीट खाली जाईना, खालचं पाणी दिसेना, आणि यंत्राने तोंडाशी असलेली मातीच पाण्याची पातळी धरली. माती ओल्या फडक्याने पुसली, तसा मोबाइलवरच्या आलेखात पाण्याचा शेंडा तळाशी उभा राहिला. पंप सुरू झाला. पुढची कामं महत्त्वाची होती: जाळी नवी बसवली, तोंडाजवळच्या ३० सेंटिमीटरांत काही दिसलं तर त्याला पाणी समजायचं नाही असं यंत्रात भरलं, आणि पंप बंद व्हायला रडारबरोबर एक साधा फ्लोट स्विचही जोडला. दोघांनी "भरली" म्हटलं तरच पंप थांबणार. रडारने रिकामी म्हटलं आणि फ्लोटने भरली, तर दिवा लागणार आणि माणूस वर जाणार. एकाच यंत्राच्या शब्दावर गावाचं पाणी थांबवू नये, असं माझं ठाम मत आहे, मग ते यंत्र कितीही चांगलं असो.

त्या पहिल्या खेड्यात आता वॉलमनकाका रोज सकाळी वॉल उघडण्याआधी आणि बंद केल्यावर आकडा वहीत लिहितात. कुठल्या गल्लीला किती मिनिटांत किती पाणी गेलं हे त्या वहीवरून दिसतं. लांबच्या वस्तीला पाणी पोचत नाही ही तक्रार जुनीच होती. आता ती आकड्यांत मांडता आली, आणि ग्रामसभेत त्या वस्तीची वेळ वाढवून घेता आली. दुपारचं गायब होणारं पाणी थांबलं, त्याबरोबर त्यावरचे संशयही.

आपल्या गावच्या टाकीवर असं यंत्र असेल किंवा बसणार असेल, तर तीन गोष्टी मागून घ्या. तळापर्यंतचं अंतर टेपने मोजून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायला सांगा. पावसाळ्याआधी आणि नंतर जाळी आणि यंत्राचं तोंड तपासायचं काम कुणाचं, हे ठरवून घ्या. आणि टाकी धुताना पाणी कमी कमी होत जाईल तसं दोन-तीन ठिकाणी पट्टीने मोजून यंत्राचा आकडा जुळतो का ते स्वतः पाहा. जुळला नाही तर कंत्राटदाराचं शेवटचं बिल तोवर काढू नका.