सरहद्दीवर अडलेले मक्याचे पोते

आफ्रिकेच्या पूर्वेला केनिया, युगांडा आणि टांझानिया असे तीन देश एकमेकांना लागून आहेत. आपल्याकडे महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक ही राज्ये जशी एका भारतात नांदतात, तसे या देशांनी मिळून एक संघराज्य करावे, असा विचार तेथे साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तुम्ही म्हणाल, खते-बियाणे सांगणाऱ्या विस्तार अधिकाऱ्याने हे काय मध्येच काढले? पण तेथील बहुतेक कुटुंबे आपल्यासारखीच थोड्या जमिनीवर पोट भरणारी आहेत. देश जोडले किंवा तुटले म्हणजे अशा घराच्या चुलीपर्यंत काय येऊन पोहोचते, हे त्यांच्याकडे पाहिल्यावर चांगले कळते.

मक्याचेच पाहा. उकळत्या पाण्यात मक्याचे पीठ घोटून केलेला घट्ट गोळा, म्हणजे उगाली, हे तेथील रोजचे जेवण. आपली भाकरी तशी त्यांची उगाली. केनियाला मका बहुधा कमी पडतो. युगांडा आणि टांझानियात पुष्कळदा खाऊन उरतो. तेव्हा मका इकडून तिकडे जाणार हे उघडच आहे. मध्ये आडवा येतो तो नाका.

इंग्रजांच्या अमलात या तिन्ही मुलखांत एकच शिलिंग चालत असे. रेल्वे आणि पोस्टही पुढे एकच झाले. (केनिया-युगांडात १९२० पर्यंत तर आपला हिंदी रुपया चालत होता!) जून १९६३ मध्ये न्येरेरे, केन्याटा आणि ओबोटे या तिघा पुढाऱ्यांनी वर्ष संपायच्या आत संघराज्य करू, असे जाहीर केले. ते झाले नाही. १९६७ साली त्याऐवजी पूर्व आफ्रिकी समुदाय नावाची संघटना निघाली. रेल्वे, बंदरे, पोस्ट, विमाने सामाईक ठेवली. पण फायद्याचा मोठा वाटा केनियाकडे जातो, ही बाकीच्यांची तक्रार होती. टांझानियाने समाजवादाची वाट धरलेली, केनियाने व्यापाराची. त्यात १९७१ साली युगांडात इदी अमीनने सत्ता बळकावली आणि न्येरेरे त्याच्याबरोबर एका टेबलाशी बसायला तयार होईनात. अखेर १९७७ साली सारा डाव मोडला.

भाऊ वेगळे होताना घरातली भांडी वाटून घेतात, तशी इंजिने, विमाने आणि बोटी यांवरून ओढाताण झाली. वाटणीचा करार व्हायला १९८४ उजाडले. दरम्यान केनिया-टांझानिया सरहद्द १९७७ पासून १९८३ पर्यंत बंद. हद्दीच्या दोन्ही अंगांना एकाच मसाई जमातीची माणसे राहतात. त्यांची गुरे, सोयरीक, बाजार सगळे दोन्हीकडे. सामाईक खात्यांत उमेदीची वर्षे घालवलेल्या टांझानियातील नोकरदारांना तर हक्काच्या पैशांसाठी पुढे कितीतरी वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. त्यांना कोणी विचारून देश जोडले नव्हते आणि तोडलेही नव्हते.

१९९९ साली नवा करार होऊन २००० साली हा समुदाय पुन्हा उभा राहिला. पुढे रवांडा, बुरुंडी, दक्षिण सुदान, काँगो आणि सोमालिया येऊन मिळाले. आज आठ देश आहेत, लोकसंख्या ३० कोटींच्या वर. कचेरी टांझानियात आरुशा येथे. २००५ पासून आपसातले आयात शुल्क कमी करत आणले, २०१० साली सामाईक बाजारपेठेचा करार लागू झाला. डोक्यावर केळ्यांचा घड किंवा मक्याचे पोते घेऊन नाका ओलांडणाऱ्या बायका तेथे हजारोंनी आहेत. २,००० डॉलरपर्यंतच्या मालासाठी त्यांना एक सोपा दाखला मिळतो. बुसिया, नामांगा अशा नाक्यांवर दोन्ही देशांचे अधिकारी एकाच ठिकाणी बसतात, त्यामुळे दोनदा रांग लावावी लागत नाही. केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांत २०१४ पासून नुसत्या ओळखपत्रावर ये-जा करता येते. हे काम छोटे दिसते, पण गरिबाच्या दिवसाची मजुरी वाचते ती इथेच.

मग अडते कुठे? २०१७ साली टांझानियाच्या सरकारने केनियातून परवान्याविना आणलेली कोंबडीची ६,४०० पिल्ले नामांगा येथे जिवंत जाळली. कारण सांगितले बर्ड फ्लूच्या भीतीचे. तुमच्यापैकी ज्यांनी कुक्कुटपालन केले आहे, त्यांना या आकड्यामागचा पैसा आणि जीव दोन्ही कळेल.

मार्च २०२१ मध्ये पाळी मक्याची आली. युगांडा आणि टांझानियाच्या मक्यात अफलाटॉक्सिन जास्त आहे, असे सांगून केनियाने एका पत्राने आयात थांबवली. मालाने भरलेले ट्रक नाक्यावर उभे. पाच-सहा दिवसांत बंदी उठली, पण अटी घालून: व्यापाऱ्याने नोंदणी करावी आणि विषाचे प्रमाण अब्जात १० भागांपेक्षा कमी असल्याचा दाखला दाखवावा.

केनियाची भीती खोटी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. अफलाटॉक्सिन हे बुरशीपासून होणारे विष. आपल्या भुईमुगातही ते होते. २००४ साली केनियाच्या पूर्व भागात घरच्याच ओल्या साठवलेल्या मक्यातून ३१७ माणसे आजारी पडली आणि १२५ दगावली. शिजवल्याने हे विष पुरते जात नाही. मका नीट वाळवून ओलावा १३.५ टक्क्यांच्या आत आणला आणि कोरड्या जागी ठेवला, तरच ते टळते. पण हा दाखला दहा पोती मका असलेल्या शेतकऱ्याने आणायचा कोठून? मोठा व्यापारी नमुना तपासून घेतो. छोटा माणूस पडत्या भावाने त्याच मोठ्या व्यापाऱ्याला माल देऊन मोकळा होतो.

संघराज्य असते तर असे झाले नसते, असे तेथील पुष्कळ जण म्हणतात. मला ते तितके सोपे वाटत नाही. आपला देश तर एकच आहे ना? तरी १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि आपला कापूस राज्याबाहेर विकायला बंदी झाली. पलीकडच्या राज्यात चार पैसे जास्त मिळतात म्हणून रातोरात कापूस नेणाऱ्यांच्या गोष्टी विदर्भात आजही ऐकायला मिळतात. म्हणजे एका झेंड्याखालीही नाका उभा राहू शकतो.

फरक आहे तो एवढा की, आपल्या कापूस उत्पादकाला निदान मत होते. मोर्चा काढता येत होता, आमदाराला गावात अडवून जाब विचारता येत होता. युगांडाच्या मका उत्पादकाने नैरोबीतल्या अधिकाऱ्याला कोणत्या गावात अडवायचे? समुदायाची एक विधानसभा आहे, पण तिचे सभासद लोक निवडत नाहीत, त्या त्या देशाची संसद निवडते. आरुशाच्या न्यायालयात साध्या नागरिकाला थेट दावा लावता येतो ही चांगली सोय आहे. पण तेथवरचे भाडे आणि वकील कोण देणार? संघराज्याच्या बाजूचे मला पटणारे कारण हेच. नाका बंद करणाऱ्याला मत मागायला तुमच्या दारी यावे लागेल, अशी व्यवस्था त्यातून होऊ शकते.

आता दुसरी बाजू. २००६-०७ च्या सुमारास लोकांची मते घेतली, तेव्हा घाईने संघराज्य करायला टांझानियातील बहुतेकांनी नकार दिला. कारण जमीन. तेथे जमीन राष्ट्राध्यक्षांकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून असते, गावकरी ती वहिवाटतात. परदेशी माणसाला गुंतवणुकीखेरीज जमीन मिळत नाही. उद्या सगळे एकाच देशाचे नागरिक झाले, तर नैरोबीचा पैसेवाला परका राहणार नाही. मग आपल्या गायरानाचे काय, हा त्यांचा सवाल आहे. शहराजवळची जमीन विकून पाच वर्षांत मजुरीला लागलेली घरे आपणही पाहिली आहेत, तेव्हा या भीतीला कोणी अडाणीपणा म्हणू नये. सामाईक बाजारपेठेच्या करारातही जमिनीचा विषय त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडला आहे, तो याच धाकाने.

२०१७ साली राष्ट्रप्रमुखांनी संघराज्याआधीची पायरी म्हणून सैलसर राज्यसंघ करायचे मान्य केले. त्याच्या घटनेच्या मसुद्यासाठी तज्ज्ञ नेमले, काही देशांत लोकांच्या सभाही झाल्या. एकच चलन २०२४ पर्यंत यायचे होते, ते २०३१ वर गेले. तोवर केनियाचा शिलिंग वेगळा, युगांडाचा वेगळा, आणि नाक्यावर पैसे बदलणारा दोन्ही वेळा आपले कमिशन काढून घेतो. काँगो आणि रवांडा तर एकाच समुदायात असून एकमेकांवर बंडखोर पोसल्याचे आरोप करतात.

माझ्या हाती असते तर मी घटनेच्या मसुद्याआधी सरहद्दीजवळच्या बाजारगावांत ताडपत्र्या, ओलावा मोजायचे यंत्र आणि मका तपासायची सोय दिली असती. आणि तेथे मिळालेला दाखला पलीकडच्या अधिकाऱ्याने पोते न फोडता मानावा, असा करार आधी करून घेतला असता.